गाठ मानेची, दोष उशीचा

सकाळी उठावे, चूळ भरण्यासाठी मान खाली घालावी आणि मानेतून अशी काही कळ निघावी की शेजारच्या माणसाकडे पाहायलासुद्धा सगळे अंग वळवावे लागावे, हा अनुभव ज्याला आला नाही असा माणूस विरळा. आमच्या लहानपणी घरात कोणाची मान अशी धरली की आजी आधी त्याच्याकडे पाहत नसे, त्याच्या उशीकडे पाही. 'नीट झोपायला नको मेल्यांना,' असे पुटपुटत ती उशी अंगणात उन्हात टाकी. दोन दिवसांनी मान सुटे. उशीला ऊन लागले म्हणून सुटली की दोन दिवस गेले म्हणून सुटली, हा प्रश्न आजीला कधी पडला नाही. आणि मान सुटल्यावर तो आम्हालाही पडला नाही.

वाचकहो, आजीला हसण्यासाठी मी हे सांगत नाही. मान धरण्यापुरता तिचा तर्क काही अगदीच वावगा नव्हता. उशी फार उंच असली, किंवा पालथे झोपून रात्रभर मान एका अंगाला वळलेली राहिली, तर मानेचे स्नायू ताणून राहतात आणि सकाळी त्याचा सूड उगवतात. माझी तक्रार आहे ती हा तर्क पुढे कुठवर पोचतो याबद्दल. मान दुखली, दोष उशीचा. मान सुजली, दोष उशीचा. मानेत गाठ आली, तोही दोष उशीचाच! हा शेवटचा तर्क अडाण्याने केला असे समजू नका. तो मी केला, एम.ए. होऊन, वीस वर्षे मुलांना शिकवून झाल्यावर केला. आणि त्या पायी एका मुलीचे तीन महिने फुकट घालवले.

झाले ते असे. २०२२ च्या पावसाळ्यात माझी भाची कॉलेजच्या पहिल्या वर्षासाठी गावाहून आमच्याकडे राहायला आली. मुलगी अभ्यासू, पण झोपण्याची तऱ्हा विचित्र. उजव्या कुशीवर अंगाचे मुटकुळे करायचे, उशी दुमडून तिची घडी मानेखाली घ्यायची, वर एक हात त्या घडीखाली खुपसायचा आणि पुस्तक भिंतीला टेकवून वाचता वाचता तसेच झोपून जायचे. मी येता-जाता टोकत असे. गणपतीच्या दिवसांत एकदा वेणी घालताना तिच्या हाताला काही लागले. माझ्याजवळ आली नि म्हणाली, "मामा, इथं हात लावा बरं. काहीतरी लागतंय."

उजव्या जबड्याच्या खाली, मानेच्या कडेला, शेंगदाण्याएवढी गाठ होती. बोटाखाली सरकत होती. दुखत नव्हती. मी क्षणभरही विचार केला नाही. "त्याच कुशीवर झोपतेस ना तू? मग दुसरं काय होणार! सगळा दाब तिथंच येतो." बायको म्हणाली, "एकदा दाखवून तर आणा." मी म्हणालो, "अगं, त्यात दाखवायचं काय? आजपासून डाव्या कुशीवर झोप म्हणावं." वर्गात मुलांना सांगावे तशा ठाम आवाजात मी हे सांगितले आणि सगळ्यांना ते पटले. गावी बहिणीला फोनवरून कळवले, तेव्हा तिने आठवड्याभरात एस.टी.ने सावरीच्या कापसाची एक नवी उशी पाठवून दिली.

आता, ही गाठ म्हणजे असते तरी काय? आपल्या अंगात रक्ताच्या वाहिन्यांखेरीज आणखी एक वाहिन्यांचे जाळे आहे. रक्तातून पाझरलेले पाणी शरीराच्या पेशींमधून फिरते आणि त्यातले जे रक्तात लगेच परत जात नाही, ते या दुसऱ्या जाळ्यातून परत आणले जाते. दिवसाकाठी दोन-तीन लिटर तरी असे पाणी परत येते. या रसाला लसिका म्हणतात. १६२२ साली आसेल्ली या इटालियन वैद्याला नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या आतड्यापाशी या वाहिन्या पांढऱ्या दोऱ्यांसारख्या दिसल्या, आणि १६५१ साली पेके नावाच्या फ्रेंच वैद्याने त्यांतला रस छातीतून वर जाऊन मानेच्या बुडाशी रक्ताला मिळतो हे दाखवले. वाटेत ठिकठिकाणी या रसाला नाकी लागतात. पूर्वी गावाच्या वेशीवर जकातनाका असे. गाडी थांबवायची, गोणी उघडून पाहायची, मगच आत सोडायचे. आता जकात गेली, पण शरीरातली नाकी चालू आहेत. अशी पाचशे-सहाशे नाकी अंगभर पसरली आहेत आणि त्यांतली पुष्कळशी एकट्या मानेत आहेत. त्यांनाच लसिका ग्रंथी म्हणतात. रसातून एखादा जंतू आला की तिथले शिपाई त्याला अडवतात, आणखी शिपाई बोलावतात, आणि त्या गर्दीने नाके फुगते. आपल्या हाताला लागते ती ही फुगलेली चौकी.

हे ज्ञान आपल्या भाषेला नवे नाही. पायात काटा रुतून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे शेतावर राबणारा कोणीही सांगेल. जखम पावलात आणि गाठ जांघेत. पण 'तू पाय मुडपून झोपलास म्हणून गाठ आली' असे त्याला कोणी म्हणत नाही. कारण वाट ठाऊक आहे. मानेच्या बाबतीत मात्र ही वाट आपण विसरतो. दाढ किडली, घसा आला, कान वाहिला, डोक्यात उवा होऊन खाजवून फोड झाले, तर त्या त्या भागाचा रस मानेतल्या ज्या नाक्यावर येतो तिथे गाठ येते. उवांची गाठ मानेच्या मागे, दाढेची जबड्याखाली. २०२१ साली करोनाची लस दंडावर घेतल्यावर काहींना त्याच बाजूच्या काखेत गाठ लागली आणि ते घाबरले, तेही याच हिशेबाने. लस हे मुद्दाम केलेले नाटकच. शिपायांची ती कवायत होती. ती काही दिवसांनी आटोपली.

मग झोपण्याच्या तऱ्हेचा गाठीशी काहीच संबंध नाही का? संबंध आहे, पण आपण समजतो तो नाही. या रसाला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांच्या भिंती स्वतः थोड्याफार आकुंचन पावतात, बाकी काम चालते ते स्नायूंच्या हालचालीवर, श्वासोच्छ्वासावर आणि वाहिन्यांतल्या एकेरी दारांवर. म्हणून रात्रभर आडवे राहिल्यावर सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते आणि आपण हिंडू-फिरू लागलो की ती उतरते. पालथे झोपणाऱ्याचा चेहरा जरा जास्त फुगतो. ती सूज पाण्याची. मऊ, पसरलेली, दुपारपर्यंत नाहीशी होणारी. तिच्यात दाणा लागत नाही. उशीच्या दाबाने नाक्यावर शिपाई गोळा होत नाहीत, ते गोळा होतात चोर आल्यावर.

अलीकडे आणखी एक मत ऐकू येते: डाव्या कुशीवर झोपले की लसिका चांगली वाहते. याला आधार म्हणून शरीररचना पुढे केली जाते, आणि ती रचना खरी आहे. दोन्ही पाय, पोट, छातीची नि डोक्याची डावी बाजू आणि डावा हात, एवढ्या सगळ्या मुलखाचा रस एका मोठ्या वाहिनीने डाव्या गळपट्टीच्या हाडामागे रक्ताला मिळतो. उजवीकडच्या वाहिनीकडे फक्त उजवा हात आणि छातीची व डोक्याची उजवी बाजू. वाटणी अगदीच विषम. पण यावरून डाव्या कुशीवर झोपले की गाठ ओसरेल असे म्हणणे म्हणजे गावाचा नाला पूर्वेला वाहतो म्हणून पूर्वेकडे डोके करून झोपण्यासारखे आहे. २०१५ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, बेशुद्ध केलेल्या उंदरांच्या मेंदूतली सफाई उताण्या किंवा पालथ्या अवस्थेपेक्षा कुशीवर अधिक चांगली होते असे दिसले. अभ्यास मोठा मनोरंजक आहे; पण तो उंदरांचा आणि मेंदूचा. मानेतल्या गाठीने त्याची साक्ष काढू नये.

खरी मौज पुढेच आहे. पुष्कळदा झोपण्याने गाठ येत नाही, गाठीने झोपण्याची तऱ्हा बदलते. लहान मुलांच्या नाकामागे आणि घशात याच जातीच्या ग्रंथी असतात. टॉन्सिल्स हा शब्द तर आता घरोघरी झाला आहे. त्या वाढल्या की मुलाला नाकाने श्वास पुरत नाही. मग ते तोंड उघडे टाकते, घोरते, रात्रभर कूस बदलते आणि मान मागे टाकून झोपते. आई म्हणते, 'मान अशी टाकून झोपतो म्हणून घसा बिघडतो.' बिचारे पोर श्वासासाठी मान टाकत असते! दुखरी गाठ असलेला माणूसही न कळत त्या बाजूची कूस टाळतो, आणि घरचे म्हणतात की दुसऱ्या कुशीवर झोपतो म्हणून दुखते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, एवढीच गाठ असती तर गोष्ट वेगळी; इथे फांदी मोडली म्हणून कावळा उडाला आणि आपण म्हणतो, कावळा उडाला म्हणून फांदी मोडली.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. गाठ बहुधा अंथरुणातच सापडते. दिवसभर आपण मानेला हात लावत नाही. रात्री आडवे झाल्यावर, हात सहज गळ्यावर आला की ती लागते; किंवा वेणी घालताना, दाढी करताना. तिथे ती कदाचित महिनाभर बसलेली असते, पण ओळख उशीवर झाली म्हणून जन्मही उशीवर झाला असे आपण धरून चालतो.

डाव्या गळपट्टीच्या हाडावरच्या खोलगट भागाबद्दल मात्र हलके बोलता येत नाही. वर सांगितलेली मोठी वाहिनी तिथे उतरते. तिच्यातून पोटाचा रस येतो, आणि पोटातल्या कॅन्सरची पहिली वर्दी कधी कधी याच जागी, एका कडक, न दुखणाऱ्या गाठीच्या रूपाने मिळते. एकोणिसाव्या शतकातल्या फिर्खो या जर्मन वैद्याचे नाव या गाठीला दिलेले आहे. पोट तक्रार करत नाही, मान करते. अशा गाठीला 'मी डाव्या कुशीवर झोपतो ना' म्हणून सोडून देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

आता माझ्या स्वतःच्या सुळीकडे येतो. मी इंग्रजी शिकवतो. 'मॅक्बेथ'च्या चौथ्या अंकात इंग्लंडच्या राजाचा उल्लेख येतो; हा धर्मशील राजा गळ्याच्या गाठींचे रोगी केवळ हात लावून बरे करतो आणि त्यांच्या गळ्यात सोन्याचे नाणे अडकवतो. या रोगाला तिकडे 'राजाचा रोग' म्हणत. आपल्याकडची कंठमाळ किंवा गंडमाळ तीच. इथे मी दरवर्षी थांबून मुलांना डॉक्टर जॉन्सनची गोष्ट सांगतो. पुढे १७५५ साली इंग्रजी भाषेचा थोर कोश सिद्ध करणारा हा पुरुष लहानपणी गंडमाळेने आजारी होता. १७१२ साली, अडीच वर्षांचा असताना, त्याला आईने लंडनला नेले आणि ॲन राणीने त्याच्या अंगाला हात लावला. हिरे घातलेली, डोक्यावरून काळे वस्त्र घेतलेली एक बाई एवढे त्याला पुढे अंधुक आठवे. राणीने दिलेले सोन्याचे पदक त्याने मरेपर्यंत गळ्यात ठेवले, आणि गंडमाळेचे वणही मरेपर्यंत मानेवर राहिले. ॲननंतर इंग्लंडमध्ये ही प्रथा बंद पडली. फ्रान्समध्ये ती १८२५ पर्यंत टिकली. इतकी शतके ती टिकली कशी? मी मुलांना सांगत असे, की काही गाठी आपोआप बसतात. बसल्या की श्रेय राजाला, न बसल्या तर रोग्याच्या नशिबाला. मुले हसत. मीही हसे.

त्या वर्षी डिसेंबरात मी हाच भाग शिकवत होतो. शिकवता शिकवता एकदम डोळ्यांसमोर आले की गणपतीत भाचीच्या मानेला मी हात लावला होता, आज्ञा दिली होती आणि सोन्याच्या नाण्याऐवजी तिला सावरीची उशी मिळाली होती. मध्ये दिवाळी होऊन गेली. शेंगदाण्याची सुपारी झाली होती, शेजारी आणखी दोन उठल्या होत्या, आणि संध्याकाळी अंग कसकसते असे ती एकदा म्हणाली तेव्हा मी त्याचे खापर अभ्यासावर फोडले होते. तास संपवून मी तडक घरी आलो आणि तिला घेऊन दवाखान्यात गेलो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी गाठी चाचपल्या, वजन केले. चार किलोंनी घटले होते. "किती दिवस झाले?" त्यांनी विचारले. "तीन महिने," ती म्हणाली. ते माझ्याकडे पाहून काही बोलले नाहीत, हे मला बोलण्यापेक्षा जास्त लागले. सुईने गाठीतले द्रव्य काढून तपासायला पाठवले. दुसऱ्या दिवशी निकाल आला: क्षय. फुफ्फुसाचा नव्हे, ग्रंथींचा. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. १८८२ साली कॉखने ज्या जंतूचा शोध लावला, तोच हा. राजाच्या हाताने आणि उशीच्या उंचीने न जाणारा. आपल्या देशात फुफ्फुसाबाहेर क्षय होतो तेव्हा तो सर्वांत अधिक या ग्रंथींतच होतो, ही माहिती मला तेव्हा झाली. मुख्य म्हणजे हा बरा होतो: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, एकही दिवस न चुकवता, आणि ही औषधे सरकारी केंद्रातून फुकट मिळतात. फुफ्फुस निरोगी असले तर ग्रंथींचा क्षय खोकल्यावाटे पसरत नाही, म्हणून ताट-वाटी वेगळी करण्याचेही कारण नाही. आहारासाठी सरकार महिन्याला ५०० रुपये बँकेत भरत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले आहेत.

रात्री बहिणीला फोन केला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, इथं सगळ्यांना उशीचंच सांगितलंय. तसंच राहू दे ना. पोरीचं लग्न व्हायचंय." त्या एका वाक्यात उशीचे सगळे रहस्य मला उलगडले. उशीने आलेली गाठ ही कोणाचीच बदनामी नसते. तिच्यापायी ना घराण्याला बोल, ना मुलीच्या स्थळांना अडचण, ना दवाखान्याची पायरी. १८९७ च्या पुण्याच्या प्लेगात गोरे सोजीर काखा-जांघा चाचपायला घरात शिरू लागले, तेव्हा लोकांनी गाठी लपवल्या. त्या लपवण्याला निदान जुलमाचे कारण होते. आम्ही तर कोणी तपासायला आले नसताना लपवत होतो. मी बहिणीला म्हणालो, "अगं, उशीचं मी सांगितलं होतं. मी एम.ए. आहे, एम.बी.बी.एस. नाही. आता मीच सांगतो सगळ्यांना." सांगितलेही. दोघा-तिघांनी तोंडे वाकडी केली. पण गावातल्याच एका बाईंनी आपल्या मुलाच्या मानेला हात लावून पाहिला आणि त्याला तालुक्याला नेले. त्याची गाठ दाढेची निघाली, दाढ काढल्यावर बसली.

तुम्हाला तुमच्या किंवा मुलांच्या मानेला एखादा मऊ, सरकणारा, मसुरीएवढा दाणा लागला तर लगेच घाबरू नका. लहान मुलांत आणि सडपातळ माणसांत तो पुष्कळदा सहज लागतो. सर्दी-घशाची गाठ दुखते आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरू लागते. पण बोराएवढी झालेली गाठ दोन आठवड्यांत उतरणीला लागली नाही, वाढत चालली, दगडासारखी कडक लागली, जागची हलेना, किंवा गळपट्टीच्या हाडावर आली, तर डॉक्टरांकडे जा. रात्री घाम, बारीक ताप, वजनात घट यांपैकी काही जोडीला असेल तर एक दिवसही थांबू नका. उशी खुशाल बदला; पण डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर बदला. आणि सारखी दाबून दाबून पाहू नका. दाबण्याने ती जास्तच दुखते.

उपचार सोपा होता असे मात्र म्हणत नाही. पहिल्या गोळ्या घेतल्यावर लघवी केशरी झाली तेव्हा पोरगी रडकुंडीला आली. औषधाचा रंग आहे हे आधी सांगितले होते, पण सांगणे वेगळे नि पाहणे वेगळे. तिसऱ्या महिन्यात तर ओसरत आलेली गाठ एकाएकी पुन्हा फुगली. गावाहून लगेच फोन आला, "दादा, परत त्या कुशीवर झोपायला लागली का रे?" डॉक्टर म्हणाले, असे होते, मेलेल्या जंतूंवरही शरीराचे शिपाई तुटून पडतात, औषध थांबवू नका. थांबवले नाही. जून २०२३ मध्ये शेवटची गोळी झाली. जबड्याखाली एक वाटाण्याएवढी कडक खूण अजून लागते. ती तशीच राहील आणि तिला काही करायचे नाही, असे त्यांनी सांगितले आहे.

भाची अजूनही उजव्या कुशीवर मुटकुळे करून, उशी दुमडूनच झोपते. सावरीची उशी तिने मला देऊन टाकली. ती जरा उंच आहे. महिन्या-दोन महिन्यांनी माझी मान धरते, आणि बायको ती उशी गच्चीवर उन्हात नेऊन टाकते.